जाताना रिकामी पिशवी, येताना भरलेली

दिवाळीत ऑफिसातून मिळालेल्या खोक्याचं तुम्ही काय करता? तोच तो खोका... बाहेर सोनेरी पुठ्ठा, आत सॅटिनचं कापड, त्यात प्लॅस्टिकचे चार खण आणि प्रत्येक खणात मोजून दहा काजू! काजू त्याच रात्री संपतात. खोका माळ्यावर जातो आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत कचऱ्याच्या गाडीत. संक्रांतीच्या वाणात आलेल्या गाळण्या, डब्या, साबणदाण्या यांची कथाही तीच. बरं, ‘इको-फ्रेंडली गिफ्ट’ म्हणून ऑनलाइन शोधावं तर बांबूचा टूथब्रश घरी येतो, तोही बबल रॅपमध्ये गुंडाळून.

मला यावरचा उतारा मिळाला रायगडच्या किनाऱ्यावर. आपण तिकडे विकेंडला जातो, लाटांत भिजतो, मासे खातो, सेल्फी काढतो आणि परत येतो. पण पेणपासून हरिहरेश्वरपर्यंत रस्त्याच्या कडेला जे विकायला असतं ते नीट पाहिलंत, तर एक गंमत लक्षात येईल. इथल्या कितीतरी वस्तूंचं पॅकिंग त्या वस्तूबरोबरच उगवतं. फक्त विकत घेताना तीन प्रश्न विचारायचे. हे कशाचं आहे? कुणी केलंय? आणि संपल्यावर मागे काय उरणार? चला तर मग, एक रिकामी कापडी पिशवी घ्या आणि निघा.

पेण : बाप्पाची कच्ची मूर्ती

जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यापासून मुंबईहून पेण आणखी जवळ आलंय. पेण म्हणजे पोह्यांचे पापड आणि पेण म्हणजे गणपती. गावात आणि जवळच्या हमरापूर-जोहे भागात मूर्तींचं काम वर्षभर चालतं. परदेशी जाणारे बाप्पा तर पावसाळ्याआधीच बोटीत बसतात.

सध्या मात्र या कारखान्यांमध्ये शाडू की पीओपी, हा प्रश्न रोजच्या भाकरीचा झालाय. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये पीओपीच्या मूर्तींविरुद्ध नियमावली काढली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिची अंमलबजावणी कडकपणे करायला सांगितलं. मग जून २०२५ मध्ये पीओपीच्या मूर्ती बनवायला आणि विकायला मुभा मिळाली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जन नाही, या अटीवर.

आपण शहरात बसून ‘शाडूच घ्या’ म्हणतो ते ठीक. पण शाडूचं गणित समजून घ्यायला हवं. पीओपी काही मिनिटांत घट्ट होतं. शाडूची मूर्ती सावलीत, दमादमाने वाळवावी लागते. घाई केली की तडा जातो. वजन जास्त, प्रवासात मोडण्याची भीती जास्त. त्यामुळे ती महाग असते. ऐन गणपतीच्या तोंडावर दुकानात जाऊन ‘स्वस्तात शाडूची द्या’ म्हणणाऱ्याला ती मिळणार कशी?

म्हणून पहिली आयडिया : ज्या मित्राच्या घरी गणपती असतो, त्याच्यासाठी उन्हाळ्यातच पेणला जाऊन शाडूची न रंगवलेली मूर्ती सांगून ठेवा. कारागिराला आधी काम आणि आधी पैसे मिळतात, आणि मित्राच्या घरी पोराबाळांना गेरू-हळदीने बाप्पा रंगवायला मिळतो. विसर्जन बादलीत करा. पण खाली बसलेली माती नाल्यात ओतू नका. ही माती गुजरातेतून ट्रक भरभरून येते, ती काही पेणच्या मागच्या अंगणात उगवत नाही. वाळवून ठेवली तर तिची पुन्हा मूर्ती होते. पुण्यात ‘पुनरावर्तन’ मोहिमेत अशी माती गोळा करून मूर्तिकारांना परत दिली जाते. तुमच्या सोसायटीतही हे जमेल. लागेल फक्त एक मोठा पिंप आणि एक उत्साही सेक्रेटरी!

अलिबाग : वेणी घातलेला कांदा

वडखळवरून उजवीकडे वळलं की अलिबागचा रस्ता. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर दुतर्फा पांढऱ्याशुभ्र माळा लटकलेल्या दिसतील. हा अलिबागचा पांढरा कांदा. भात कापून झालं की त्याच जमिनीत लावतात. चवीला गोडसर, तिखटपणा बेताचा. कार्ले, खंडाळे, नेहुली ही त्याची गावं. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग मिळाला.

आता त्याचं पॅकिंग पाहा. जाळीची पिशवी नाही, खोका नाही. कांद्याचीच वाळलेली पात एकात एक गुंफून माळ करायची. घरातल्या बायका हे काम इतक्या झरझर करतात की आपली नजरच ठरत नाही. ही माळ स्वयंपाकघराच्या खिडकीशी टांगायची, लागेल तसा एकेक कांदा तोडायचा. वारा लागत राहतो, त्यामुळे कांदा टिकतो. शेवटी हातात उरते ती वाळकी पात. ती कुंडीत टाकली की संपलं!

निवड कशी करायची, तेही एका मावशींनी मला सांगितलं. “मोठा कांदा बघून भुलू नको. मान बघ. मान सुकून बारीक झाली असली तरच टिकंल.” मोठ्या कंपनीतल्या एचआरनेसुद्धा उमेदवार इतक्या थोडक्यात पारखला नसेल.

नव्या घराच्या गृहप्रवेशाला तांब्याचा गणपती आणि भिंतीवरचं घड्याळ चारजण आणतातच. तुम्ही कांद्याची माळ घेऊन जा. लोक आधी हसतील, मग फोटो काढतील. आणि महिनाभर त्या घरच्या थालीपिठाबरोबर तुमची आठवण निघेल. फक्त गावाचं नाव विचारून घ्या. नाव झालं की नावावर खपवणारेही येतात. शेतकऱ्याच्या अंगणातून घेतलेल्या माळेचे पैसे मात्र थेट त्याच्याच हातात पडतात.

चौल ते मुरूड : आपली बरणी आपल्या हातात

‘रिफिल’ हा शब्द आपल्याकडे नवा असेल, रीत जुनी आहे. या किनाऱ्यावर बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं ‘शनिवार तेली’. त्यांच्यातले बहुतेक १९४८ नंतर हळूहळू इस्रायलला गेले. अलिबागच्या इस्राएल आळीतलं सिनेगॉग आजही उभं आहे. त्या घाण्यावर कुणी पाऊच मागितला नसणार. घरचं भांडं न्यायचं, तेल भरून आणायचं.

हीच सवय पुढच्या रस्त्याला उपयोगी पडते. गाडीत दोन-चार काचेच्या बरण्या आणि एक स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा ठेवा. रेवदंडा, कोर्लई, मुरूडच्या कोळीवाड्यांत सोडे, जवळा, सुकट मिळते. वाळवायला ऊन आणि मीठ, वीज शून्य. मासे खाणाऱ्या सहकाऱ्याला सोड्यांची बरणी द्या, तो तुमचं अप्रेझलसुद्धा चांगलं लिहील. झाकण घट्ट हवं मात्र! मांडव्याहून रो-रो बोटीने परतणार असाल तर आख्ख्या डेकला तुमच्या पिशवीतलं गुपित कळायला नको.

शाकाहारी मंडळींसाठी आमसुलं आहेत, आणि एक खास वस्तू : कोकमतेल. कोकमाच्या बिया फोडून, उकळून काढलेलं हे तेल थंड झालं की घट्ट होतं. मग हाताने त्याचे गोळे वळतात. थंडीत टाचांना भेगा पडल्या की आपल्या आज्या हेच गरम करून लावायच्या. दिवसभर एसीत बसून ओठ-टाचा फुटणाऱ्या ऑफिसातल्या मैत्रिणीसाठी याच्यापेक्षा उत्तम ‘फूट क्रीम’ कुठलं? ना ट्यूब, ना बाटली. कागदात गुंडाळा, वर सुंभाची गाठ मारा. झालं गिफ्ट रॅप!

दिवेआगर-श्रीवर्धन : वाडी उभी राहायला हवी

मुरूडच्या पुढे आगरदांड्याला गाडीसकट जंगलजेटीत चढायचं आणि पलीकडे दिघीला उतरायचं. इथून दिवेआगर, श्रीवर्धन. हा सगळा पट्टा नारळी-पोफळीच्या वाड्यांचा. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध. उंच पोफळी, त्यांच्यावर चढलेली मिरी, खाली जायफळ, केळी, अबोली. भर दुपारीही वाडीत गारवा.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलं आणि काही तासांत वाड्यांच्या वाड्या आडव्या झाल्या. “पाटाशी उभं राहिलं की आभाळ दिसायचं नाही आमच्याकडे. दुसऱ्या दिवशी नुसतं आभाळच दिसत होतं,” दिवेआगरच्या एका वाडीवाल्या काकांनी मला सांगितलं. शेतातलं पीक गेलं तर पुढच्या हंगामाची आशा असते. पोफळ नव्याने लावली की फळ धरायला पाच-सहा वर्षं तरी जातात, नारळाचंही तसंच. वादळानंतर लावलेली रोपं आता कुठे देती होऊ लागलीयत.

मधल्या वर्षांत खायचं काय? आणि रस्त्यावर ‘प्लॉट विकणे आहे’च्या पाट्या असताना वाडी कशासाठी राखायची? इको-फ्रेंडली भेटींचा खरा प्रश्न मला इथे कळला. करवंटीचा डाव गोंडस दिसतो म्हणून घ्यायचा नाही. वाडीतल्या सुपारीखेरीज बाकीच्या गोष्टींनाही पैसे मिळाले, तर वाडी राखणं परवडतं, म्हणून घ्यायचा.

आणि वाडीत वाया जाण्यासारखं काय असतं? पोफळीची विरी घ्या. वाळलेल्या झावळीबरोबर गळून पडणारा हा रुंद, चामड्यासारखा भाग. पोरं त्याच्यावर बसून एकमेकांना ओढतात, बाकीची विरी पाणी तापवायच्या चुलीत जाते. पण तीच धुऊन, भिजवून, तापलेल्या साच्यात दाबली की तिची ताटली होते. ना डिंक, ना रसायन, ना झाड तोडणं. ऑफिसच्या पार्टीला पन्नास माणसं असतील तर या ताटल्या न्या. नारळाच्या हिरांचा खराटा होतो, काथ्याचा सुंभ, करवंटीचा डाव. सालासकट जायफळ आणि त्याच्यावरची लाल जायपत्री तर निसर्गानेच गिफ्ट रॅप करून दिलेली! आठ-दहा जायफळं, मूठभर मिरी आणि एक डाव, कापडी पिशवीत. बासुंदीपासून मसाला चहापर्यंत सगळी सोय झाली.

घासाघीस करायचा मोह होईल. करू नका. शहरात कॉफीच्या एका कपाला आपण काय मोजतो ते आठवा आणि पैसे द्या.

हे मात्र आणू नका

शंख-शिंपले. काही जातींच्या शंखांना आणि प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, म्हणजे ते घेणं गुन्हा ठरू शकतो. आणि साधा रिकामा शंखसुद्धा रिकामा नसतो. शंखात राहणारे खेकडे वाढले की त्यांना मोठं घर लागतं. आपण शोकेससाठी उचललेला शंख म्हणजे कुणाचा तरी टू बीएचके.

आणि किनाऱ्यावर काही ठेवूनही येऊ नका. दिवेआगर, हरिहरेश्वरच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पाण्यात तरंगणारी पिशवी कासवाला जेलीफिशसारखी दिसते, आणि ते ती गिळतं. महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदी २०१८ पासून आहे, पण चिप्सचं पाकीट कायद्याची पुस्तकं वाचत नाही. ते परत न्यायचं काम आपलंच.

कुणाला काय द्याल?

बॉसला : सुंभाने बांधलेली रोठा सुपारी, जायफळ आणि मिरी.

गृहप्रवेशाला : पांढऱ्या कांद्याची माळ. फेब्रुवारी ते एप्रिल हा तिचा मोसम, पावसाळ्यात शोधू नका.

संक्रांतीच्या वाणाला : कागदाच्या पुडीत आमसुलं किंवा कोकमतेलाचा छोटा गोळा. बायका नक्की विचारतील, कुठून आणलंस गं?

सिक्रेट सांताला : करवंटीचा डाव आणि पेणचे पापड.

मासेखाऊ मित्राला : सोड्यांची बरणी. ‘बरणी परत कर’ असं आधीच बजावून. रिकामी बरणी पुढच्या खेपेला लागतेच.

ही सगळी खरेदी एका मॉलमध्ये एका तासात होणार नाही. दोन दिवस लागतील, चार ठिकाणी थांबावं लागेल, पाच जणांशी बोलावं लागेल. पण भेट देताना तुम्हाला सांगायला गोष्ट असेल. कांदा कुठल्या गावचा, डाव कुठल्या वाडीतला, ती वाडी वादळानंतर पुन्हा कशी उभी राहतेय. पुढच्या लाँग विकेंडला जाताय ना? मग डिकीत जागा ठेवा!