सहलीची वही

चौथीच्या गणितात कालमापनाचा घटक येतो आणि इतिहासात पन्हाळ्याचा वेढा. दोन्ही मी दरवर्षी वेगवेगळे शिकवायचे. गेल्या वर्षी मात्र दोन्ही एकाच वहीत आले.

आमची शाळा हातकणंगले तालुक्यात, रुकडी स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले, त्यात पन्हाळाही होता. मुलांनी बातमी वाचली आणि मागे लागली, "बाई, पन्हाळ्याला जाऊया." म्हटलं, जाऊया, पण रेल्वेने आणि एसटीने. आणि नियोजन तुम्ही करायचं. वर्गातल्या २४ पैकी ११ मुलं रेल्वेत कधीच बसली नव्हती. रूळ रोज बघायची, तेवढंच.

फळ्यावर मार्ग काढला. रुकडी ते कोल्हापूर पॅसेंजर, अर्ध्या तासाच्या आतला प्रवास. स्टेशनवरून मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत पायी. तिथून पन्हाळा साधारण २० किलोमीटर, घाट धरून पाऊण ते एक तास. खर्चाचा हिशोब मुलांना फार आवडला. ५ ते १२ वयाला दोन्हीकडे अर्धं तिकीट. महिलांना एसटीत ५० टक्के सवलत, म्हणजे "बाईंचं पण हाफ!" एका मुलाची आजी ७५ च्या पुढची, तिला तर एसटी मोफत. मग आजीही यादीत आली.

मी स्टेशन ते बस यासाठी १० मिनिटं धरली होती. रविवारी एकटी जाऊन चालून बघितलं होतं, तेवढीच लागली. तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. गणितात कच्चा, पण आईबरोबर भाजी घेऊन कोल्हापूरच्या बाजारात जाणारा. म्हणाला, "बाई, समद्यांस्नी लघवीला जायला लागंल की. त्यो वेळ कुठं धरलाय?"

मी गप्पच बसले. दुसऱ्या दिवशी मैदानावर तालीम घेतली. जोडीजोडीने स्टेशन ते स्टँड एवढं अंतर चालणं १८ मिनिटं, लघवी १४, पाणी ६, मोजणी ४. एकूण ४२ मिनिटं. मुलांनी माझी बस खोडली आणि तिच्या पुढची लिहिली. बस उशिरा म्हटल्यावर गडावरचा वेळ कमी झाला. जोतिबा यादीतून काढावा लागला. दोघी रडल्या, पण बेरीज त्यांनीच केली होती.

खरी अडचण पालकसभेत आली. एका मुलीची आई संमतीपत्रावर सही करेना. "बाई, तुमच्यावर विश्वास हाय. पण पोरं स्टेशनात, स्टँडवर... गाडी चुकली तर?" सहलीच्या अपघातांच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. मलाही रात्री झोप लागत नव्हती, पण हे त्यांना कसं सांगणार? मी काही बोलायच्या आत ती मुलगीच वही घेऊन पुढे गेली. त्यात एक पान होतं, 'चुकलं तर'. गाडी चुकली तर पुढची कोणती, कोणी मागे राहिलं तर कुठे थांबायचं, फोन कोणाकडे, कोण कोणाची जोडी. आईने पान दोनदा वाचलं. सही केली आणि स्वतःही आली.

डिसेंबरमध्ये गेलो. पंचगंगेवरच्या पुलावर गाडी आली तेव्हा सगळा डबा ओरडला. गडावर अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची कोठारं बघितली. तिथेच बसून १६६० चा पाठ घेतला. चार महिन्यांहून जास्त चाललेला वेढा, जुलैचा पाऊस, विशाळगडाकडे रात्रीची वाट आणि दोन पालख्या. दुसऱ्या पालखीत शिवा काशीद. वहीवाली मुलगी हळूच म्हणाली, "बाई, त्यांचं पण 'चुकलं तर'चं पान होतं." पण त्या पानासाठी एका माणसाने जीव दिला होता, हे मी सांगितलं. थोडा वेळ कोणीच बोललं नाही.

तीन दरवाजापाशी माझाच पाय निघेना. म्हटलं, आणखी दहा मिनिटं थांबूया. घड्याळ त्या भाजीवालीच्या मुलाकडे होतं. तो म्हणाला, "बाई, वहीत न्हाई." निघालो. बस मिळाली, गाडीही मिळाली. रुकडीला उतरल्यावर मोजणी केली. २४.

पुढच्या चाचणीत त्या मुलाला वेळेच्या वजाबाकीत पाचपैकी तीनच गुण पडले. एका सहलीने हातच्याचं गणित सुटत नाही. पण आता तो उत्तर लिहून झाल्यावर "हे खरंच जमंल काय?" असं विचारतो, तेही मोठ्याने.

शिक्षक मित्रांनो, परवानगी, संमतीपत्रं, प्रथमोपचार पेटी हे आपण करतोच. त्याबरोबर मुलांच्या हाती वही द्या. मैदानावर एकदा तालीम घ्या. आणि 'चुकलं तर'चं पान मुलांनाच लिहू द्या. आमच्या वहीत ते सगळ्यात लांब झालं होतं.