पुसलेली कॅसेट

दुसऱ्यांच्या विसराळूपणावर रागावण्याचा मला मोठा नाद आहे. प्राध्यापकीत तो चांगला भागतोही. परंतु या उन्हाळ्यात त्या नादाने माझी अशी काही फजिती केली की, हल्ली कोणी काही विसरले तरी मी गप्प बसतो.

झाले असे. आमच्या सांगलीत एके काळी घरोघर दिसणाऱ्या स्थानिक केबल चॅनेलचा इतिहास लिहावा, अशी लहर मला आली. दूरदर्शनचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. दिल्लीत ते १९५९ साली आणि मुंबईत १९७२ साली सुरू झाले, हे पुस्तकांत मिळते. पण गल्लीतल्या केबलवाल्याची बखर कोण लिहिणार? गच्चीवर परातीसारखी डिश, खोलीत दोन व्हीसीआर आणि तिथून झाडांच्या फांद्यांवरून, गच्च्यांच्या कठड्यांवरून घरोघर गेलेली काळी वायर, एवढाच त्याचा पसारा! एखाद्या मोकळ्या चॅनेलवर तो दुपारी सिनेमा लावी आणि रात्री गावातली व्याख्यानमाला, विसर्जनाची मिरवणूक, शाळेचे स्नेहसंमेलन दाखवी. पडद्याच्या तळाशी अक्षरे सरकत : उद्या पाणी येणार नाही, अमक्यांचा मुलगा हरवला आहे, तमक्यांचे दुःखद निधन. मुंबईच्या बातम्यांत आमचे गाव पूर आला की यायचे. इथे ते रोज येई.

तेव्हा मी गावभागातल्या जुन्या केबलवाल्या काकांकडे गेलो. म्हटले, “काका, जुन्या कॅसेटी काढा.”

“कुठल्या कॅसेटी, सर? नवी कॅसेट महाग पडायची. कालच्या व्याख्यानावर आजची मिरवणूक भरायची. त्यातनं उरल्या त्या २००५ च्या पुरात भिजल्या, आणि तरी वाचल्या त्या २०१९ च्या पुरानं नेल्या.”

“निदान नोंदवही?” १९९५ च्या केबल कायद्याने कार्यक्रमांची नोंदवही सक्तीची केली होती, हे मी वाचून गेलो होतो.

काका हसले. “कायद्यानं ती वर्षभरच जपायला सांगितली होती, सर. आम्ही कायदा पाळला.”

झाले! इतिहासाविषयीच्या आपल्या अनास्थेवर मी त्यांना चांगले पंधरा मिनिटे व्याख्यान दिले. त्यांनी ते निमूटपणे ऐकले, चहा मागवला, आणि मग म्हणाले, “मास्तरांचं व्याख्यान मात्र मी पुसलं नव्हतं. मूळ कॅसेटच घरी आणून दिली होती. ती तुमच्याकडं असंलच की.”

चहाचा घोट माझ्या घशातच अडकला.

१९९७ च्या गणेशोत्सवात अण्णांनी तुकारामांवर व्याख्यान दिले होते. कॅसेट घरी आली, कपाटात राहिली. पुढे २४ एप्रिल १९९८ चा दिवस उजाडला. शारजात अंतिम सामना, समोर ऑस्ट्रेलिया, आणि सचिनचा वाढदिवस! घरात कोरी कॅसेट नव्हती. मी हाताला लागली ती व्हीसीआरमध्ये सरकवली आणि जाहिराती आल्या की बटण दाबत दाबत सचिनच्या १३४ धावा भरून घेतल्या. ती खेळी आज जगात कुणालाही, केव्हाही पाहता येते. अण्णांचे व्याख्यान मात्र साऱ्या जगात त्या एकाच कॅसेटवर होते. अण्णा २०११ साली गेले. त्यांनी त्याबद्दल कधी विचारले नाही. त्यांना ते कळलेच नाही, असे मी धरून चाललो होतो.

कॅसेट माळ्यावर सापडली, बुरशी धरलेली. आता ती चालवायची कशावर? व्हीसीआर बनवणाऱ्या जपानी फुनाई कंपनीनेदेखील २०१६ साली ते काम थांबवले. अखेर लग्नाच्या जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून देणारा एक फोटोवाला भेटला. त्याने बुरशी हलक्या हाताने पुसली. शारजा दिसले, सचिन बाद झाला, करड्या रेघा थरथरल्या, आणि एकदम आमच्या गणेश मंडळाचा मांडव समोर आला. शेवटची चार मिनिटे शिल्लक होती! व्याख्यान संपलेले. कोणी गृहस्थ माईकवाल्याचे आभार मानत आहेत. मागे खुर्चीवर अण्णा धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत आहेत. त्यांचा एक शब्दही नाही.

ते मी आईला दाखवले. “आवाज नाही का रे त्यांचा?” तिने विचारले.

“मी पुसला, आई.”

“ते ठाऊक आहे मला. त्यांनाही ठाऊक होतं. तू कॅसेट घातलीस तेव्हाच त्यांनी ओळखली. मी उठत होते, तर म्हणाले, राहू दे, त्याची मॅच चालली आहे.” आणि थोड्या वेळाने म्हणाली, “पुन्हा लाव.”

दुसऱ्या दिवशी मी काकांकडे जाऊन त्यांची क्षमा मागितली, आणि त्यांना जे आठवते ते वहीत उतरवायला बसलो. त्यांच्या आठवणींच्या दोन वह्या भरल्या आहेत.

दिवाळीच्या साफसफाईत तुमच्याही माळ्यावर एखादी कॅसेट निघेल. ती भंगारात टाकण्यापूर्वी एकदा पाहून घ्या. तिच्या कडेला प्लॅस्टिकचा एक छोटा तुकडा असतो. तो मोडला की तिच्यावर दुसरे काही भरता येत नाही. आमच्या कॅसेटचा तो तुकडा मी परवा मोडला.