दुसरं वाचन

पाठीवरच्या पट्ट्या निघाल्या म्हणजे पॅच टेस्ट संपली, असं मी धरून चालले. त्यापायी माझे हात आणखी फुटले ते वेगळंच. शेजारणीचं जे झालं ते मला जास्त लागतं.

शहपुऱ्यात राहून मी जबलपूरच्या व्यापाऱ्यांचे सलवार-सूट शिवते. चुरगळू नये म्हणून प्रक्रिया केलेलं कोरं सुती कापड उलगडलं की बोटांच्या बेचक्यांत खाज सुटायची, मग चिरा पडायच्या. मलमं झाली, वांगी सोडली, साबण बदलले. शेवटी जबलपूरच्या डॉक्टरांनी पाठीवर बारीक वाट्यांच्या पट्ट्या चिकटवल्या. वाटीगणिक एक संशयित पदार्थ, त्यातच फॉर्मल्डिहाइड. ४८ तासांनी पट्ट्या काढल्या तेव्हा पाठ जवळजवळ स्वच्छ होती. डॉक्टरांनी पेनाच्या खुणा ठळक केल्या आणि बजावलं, "दोन दिवसांनी परत या, तोवर पाठ भिजवू नका."

मी गेले नाही. वाटाण्याची तोडणी ऐन भरात होती, आणि काही निघालंच नाही तर बसभाडं कशाला, असा हिशेब मी केला. घरी येऊन पाठ घासून अंघोळ केली. नंतर एका जागी लाल पुरळ उठलं. सासूबाई म्हणाल्या, "चिकटपट्टीनं झालं असेल गं, खोबरेल लाव." लावलं.

पॅच टेस्ट जी ॲलर्जी शोधते, ती लगेच उठत नाही. पदार्थ ओळखणाऱ्या पेशी त्या जागी गोळा व्हायला वेळ लागतो, म्हणून ९६ तासांच्या सुमारास दुसरं वाचन करतात. याडासोन या जर्मन डॉक्टरांनी १८९५ मध्ये पॅच टेस्टची पद्धत मांडली. आजही ती डॉक्टरांच्या नजरेवर आणि रुग्णाच्या परत येण्यावर चालते. माझ्या पाठीवर उत्तर उमटलं होतं, पण ते कोणत्या वाटीखालचं, हे सांगणाऱ्या खुणा मीच धुऊन टाकल्या होत्या.

वर मी सगळ्यांना सांगत सुटले, टेस्टमध्ये काही निघालं नाही. शेजारीणही तेच कापड शिवते, तिचेही हात फुटत होते. "कापडाचं नाही हो ताई, भांड्यांच्या साबणाचं असणार," असं मी तिला ठामपणे सांगितलं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला आणि शिवत राहिली. आता सुईत दोरा ओवतानाही तिची बोटं ठणकतात.

हात निवल्यावर मी पुन्हा टेस्ट केली. मेडिकलवाल्याकडून घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांचंही या वेळी लपवलं नाही, कारण त्या चालू असतील तर पुरळ दबतं. दुसऱ्या वाचनाला फॉर्मल्डिहाइडच्या जागी बारीक फोड होते. कापड चुरगळू नये म्हणून करतात त्या प्रक्रियेतही तेच असतं. माझ्या शाम्पूवर डीएमडीएम हायडँटॉइन लिहिलेलं आहे. नावात कुठे फॉर्मल्डिहाइड नाही, पण त्यातून तेच सुटतं. आता कोरं कापड धुतल्याशिवाय मी कात्री लावत नाही. धुण्याने सगळं जात नाही, कमी होतं. व्यापारी कुरकुरतात, झळाळी उतरते म्हणून.

शेजारणीची टेस्ट अजून व्हायची आहे. तोडणी सुरू होण्याआधीची तारीख घ्यायची आणि दोन्ही वाचनांना मी तिच्यासोबत जायचं, असं आमचं ठरलं आहे.