मुंगी? छे, हा तर भुंगेरा!

दोस्तांनो, पावसाळ्यात मुंबई-पुणे रेल्वेने गेलात, तर कर्जतच्या आसपास खिडकीबाहेर हिरवीगार भातखाचरं दिसतात. चला, आज त्या खाचरांच्या बांधावर उतरू या. चिखल आहे, जपून हं!

आता खाली वाकून भाताच्या बुंध्याशी बघा. ७-८ मिलिमीटर लांबीचं काहीतरी तुरुतुरु पळतंय. मुंगी? छे! मुंगीची कंबर कशी बारीक असते. याचं डोकं काळं, छाती नारिंगी, मग चमकदार निळसर पट्टा, पुन्हा नारिंगी आणि शेवटचं टोक काळं. तो निळा पट्टा म्हणजे याचे आखूड, टणक पंख. उडायचे पातळ पंख त्यांच्याखाली घडी घालून ठेवलेले! हा 'पेडेरस' भुंगेरा. त्याच्या कुळाला इंग्रजीत 'रोव्ह बीटल' म्हणतात. जगात या कुळाच्या ६०,००० हून जास्त जाती आहेत.

भातातच 'ऑफिओनिया' नावाचा दुसरा भुंगेराही असतो, तांबूस आणि निळसर-काळा. फसू नका! त्याचे पंख जवळजवळ सगळं पोट झाकतात. पेडेरसचं पोट मात्र बरंचसं उघडंच.

ही ओळख हवी कशाला? सांगतो. पेडेरस चावत नाही, डंखही मारत नाही. पण अंगावर चिरडला, तर त्याच्या शरीरातलं 'पेडेरिन' हे विष कातडीला लागतं आणि एक-दोन दिवसांत भाजल्यासारखे फोड येतात. रात्री तो दिव्याकडे येतो. अंगावर बसलाच तर चापट मारू नका. फुंकर मारून उडवा. चिरडला गेला तर ती जागा लगेच साबणाने धुवा, आणि तो हात डोळ्यांना लावू नका.

जुलै २०२२ मध्ये सिक्कीममधल्या काही विद्यार्थ्यांना असे फोड आले, तेव्हा 'नैरोबी माशी'च्या बातम्या झळकल्या. पण ही माशी नव्हेच! शिवाय नैरोबीचं नाव मिळालं ते पूर्व आफ्रिकेतल्या पेडेरसांना. आपल्याकडे त्यांचे भाऊबंद आहेत. ते दिसायला इतके सारखे, की नुसत्या रंगावरून जात ठरत नाही; तज्ज्ञांना सूक्ष्मदर्शकाखाली नराचे अवयव तपासावे लागतात.

मग दिसेल तो पेडेरस मारायचा? थांबा! भाताचा रस शोषणारे तुडतुडे आणि किडींची अंडी तो फस्त करतो. शेतकऱ्याचा बिनपगारी राखणदारच म्हणा ना! तेव्हा घरात खिडकीला जाळी लावा, आणि बांधावर त्याला त्याचं काम करू द्या.