यवतेश्वरचा चढ

अर्धमॅरेथॉनचे अंतर जगात सगळीकडे एकच आहे : २१.०९७५ किलोमीटर. मुंबईत समुद्राकाठी तेवढेच आणि साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटातही तेवढेच. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून स्टेडियममधल्या शाही सज्जापर्यंत मॅरेथॉन झाली. त्या वेळी जे अंतर भरले, तेच पुढे १९२१ मध्ये अधिकृत ठरले, आणि त्याच्या निम्मे म्हणजे ही अर्धी शर्यत. म्हणजे आज ज्याला आपण निर्विकार मापदंड समजतो, तो आकडाही एका गावाच्या रस्त्यातूनच निघालेला आहे. पुढे तो गावापासून सुटला आणि शर्यती घड्याळाच्या ताब्यात गेल्या. रस्ता जितका सपाट, तितकी वेळ चांगली. म्हणून रस्त्याने शक्यतो काही बोलूच नये, अशी अपेक्षा. डोंगराच्या पायथ्याच्या एखाद्या गावाने शर्यत भरवली की ही अपेक्षा मोडते. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते आहे, आणि तिच्यातला चढ ही केवळ जादा परीक्षा नाही. त्या चढातून धावणाऱ्याला गावाचा भूगोल कळतो. माझ्या मते या शर्यतीला दुसरे काही सांगायचेच नाही, आणि तेवढे पुरेसे आहे.

शाहू महाराजांनी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसवलेले हे गाव. शर्यत पावसाळ्याच्या उतरत्या दिवसांत असते. पहाटे रस्ते ओले, किल्ल्याच्या माथ्यावर ढग, हवेत गारवा आणि तरीही दमटपणा. धावणारे जुन्या गावातून समर्थ मंदिराच्या बाजूने बाहेर पडतात आणि यवतेश्वरच्या घाटातून जाणाऱ्या कासच्या रस्त्याला लागतात. इथून गाव खाली खाली जाऊ लागते. पहिल्या वळणावर घरांची छपरे दिसतात, आणखी दोन वळणांवर सगळे शहर एका नजरेत मावते, आणि वर धुके असेल तर तेही नाहीसे होते. मग ऐकू येतात ती फक्त बुटांची फटफट आणि शेजारच्याची धाप. साताऱ्याला पिण्याचे पाणी ज्या कास तलावातून येते, तो याच रस्त्याने पुढे पठारावर आहे. एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या त्या तलावाचे पाणी पूर्वी उघड्या पाटाने उताराउताराने गावात उतरत असे. पंपाची गरज नव्हती, डोंगरच ते काम करायचा. पाण्याला जी उंची फुकट मिळाली, तिची किंमत धावणाऱ्याच्या पोटऱ्या भरतात. नकाशात पाहून किंवा गाडीच्या खिडकीतून हे कळत नाही. गाडीत चढ फक्त गिअरला जाणवतो.

यावर घड्याळवाल्यांचा आक्षेप सरळ आहे. जितके चढायचे तितकेच उतरायचे, मग हिशेब शेवटी बरोबरच होतो, त्यात एवढे कौतुक कसले? कागदावर ते खरेही आहे. रस्त्यावरच्या विक्रमांसाठीचा आंतरराष्ट्रीय नियम सांगतो की सुरुवातीपासून शेवटापर्यंतची निव्वळ घसरण किलोमीटरमागे एक मीटरपेक्षा जास्त नसावी. साताऱ्यात सुरुवात आणि शेवट दोन्ही गावातच, त्यामुळे या एका निकषावर हा घाटरस्ता चक्क निर्दोष ठरतो! शरीर मात्र असा निव्वळ हिशेब ठेवत नाही. चढावर गेलेला दम उतारावर पुरता परत मिळत नाही. उलट उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना प्रत्येक पावलाला शरीर आवरून धरावे लागते. ताणले जात असतानाच ते जोर लावत असतात, आणि त्याचे दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना समजते. चढ फुफ्फुसांचा घाम काढतो आणि उतार गुडघ्यांचा. म्हणून सपाट रस्त्यावरची आपली वेळ घेऊन इथे आलेला माणूस वळसा घेईपर्यंत ती विसरलेला असतो, आणि चढावर चालणाऱ्याला इथे कोणी हिणवत नाही.

वेळेची तुलना होत नसेल तर शर्यत कशाला, असे कोणी विचारील. दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्सकडे पाहावे. दर्बान आणि पीटरमारित्झबर्ग यांच्यामधली ही सुमारे नव्वद किलोमीटरची दौड १९२१ पासून चालू आहे. साधारणपणे एका वर्षी वरच्या दिशेने, दुसऱ्या वर्षी खालच्या. त्या दोन दिशांच्या वेळा एकमेकींनाही लागू पडत नाहीत, मग इतर शर्यतींना कुठून पडणार? तरी तिची प्रतिष्ठा कमी झालेली नाही, कारण तिथे स्पर्धा रस्त्याशी आहे आणि रस्ता सगळ्यांना एकच आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. महागडे बूट घालून पुण्या-मुंबईचे लोक येतात, गावाचा चढ 'अनुभवतात' आणि संध्याकाळी परत जातात. यात गावाचे काय? सातारा जिल्ह्यात धावणे हा मुळात सुट्टीचा छंद नाही. इथल्या मैदानांवर पहाटे पोरे-पोरी धावतात ती पोलीस भरतीसाठी, सैन्यभरतीसाठी. पोलीस भरतीत मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, आणि तिथे सेकंदावर नोकरी अवलंबून असते. याच जिल्ह्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या आणि दहाव्या आल्या. त्यांच्या तालुक्यात कासचा पाऊस नाही आणि कासची हिरवाईही नाही. या धावण्यापुढे हौशी माणसाचे धापा टाकणे लुटुपुटीचे वाटू शकते, हे कबूल. पण हौस आणि गरज एका रस्त्यावर आल्याने गरजेचा अपमान होत नाही. वळसा घेऊन उतरणारे पहिले धावपटू आणि अजून चढणारे शेवटचे लोक एकाच घाटात समोरासमोर येतात; कोण कशासाठी धावते आहे, ते चालीवरूनच दिसते. शहरी माणसाला एवढे दिसले तरी त्याची फी वसूल झाली.

उरतो डोंगरावरचा बोजा. कासचे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत आले, आणि फुलांच्या हंगामात तिथल्या गर्दीवर मर्यादा घालावी लागली. शर्यतीसाठी रस्ता काही तास बंद राहतो, याची तक्रार करण्यात मला अर्थ दिसत नाही. एका सकाळी मोटारींच्या जागी माणसे चालली तर घाटाचे बरेच होते. त्रास होतो तो दुपारी, जेव्हा तीच माणसे आंघोळ करून, गाड्या काढून, पुन्हा त्याच घाटाने फुले बघायला निघतात. सकाळी पायांनी जे कमावले, ते दुपारी धुरात घालवणे हा शुद्ध करंटेपणा आहे. तेव्हा यंदा नाव नोंदवणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे : येताना एसटीने या, पाण्याचे रिकामे कप घाटात टाकू नका, आणि शर्यत संपल्यावर कासला न जाता गावात राहा. राजवाड्याजवळ फिरा, कंदी पेढे घ्या, गावातल्या माणसांशी चार शब्द बोला. फुले बघायला वेगळ्या दिवशी, रीतसर नोंदणी करून या.