मनगटाला धरून

ख्रिस्ताने त्या माणसाचा हात हातात घेतलेला नाही, मनगट धरलं आहे. हात हातात घ्यायचा तर दोघांची तयारी लागते. मनगट धरायला एकाची पुरते. ओढला जाणारा माणूस वेलींच्या गुंत्यात अडकलेला आहे आणि ख्रिस्त त्याला तिथून उपसून काढतो आहे. हे सगळं दगडात आहे. वेल्सच्या सीमेला टेकलेल्या हेरफर्डशायर परगण्यात अर्डिस्ली नावाचं गाव आहे, काळ्या लाकडी चौकटींच्या पांढऱ्या घरांचं. तिथल्या संत मेरी मॅग्दालीनच्या चर्चमध्ये 1150च्या सुमाराचं बाप्तिस्माकुंड आहे. वर रुंद पात्र, मध्ये आवळलेली कंबर, खाली पुन्हा पसरलेला पाया, असा त्याचा पेल्याचा घाट. वालुकाश्म तो, मऊ जातीचा. पण छिन्नीची धार अजून जागी आहे.

गोल वस्तूवर कोरलेल्या चित्रांना सुरुवात नसते. जिथे उभे राहाल तिथून आरंभ. काठाखालून गुंफणीचा एक पट्टा पात्राला वेढून जातो आणि त्याच्या खाली माणसं, जनावर आणि वेली एकमेकांत शिरलेल्या. ओल्या सुंभाचा गुंता व्हावा तशा त्या वेली. एका बाजूला हातात पुस्तक घेतलेला, डोक्यामागे प्रभावळ असलेला एक पुरुष उभा आहे. एका बाजूला सिंह आहे, आपल्या जागेत न मावणारा. आणि एका बाजूला दोन योद्धे लढत आहेत. एकाच्या हाती तलवार, दुसऱ्याच्या हाती भाला. भाल्याचं टोक तलवारवाल्याच्या मांडीत आरपार गेलं आहे. बारीक अंगाची माणसं, कपड्यांवर समांतर चुण्या, पायांत वेलींचे वेढे.

या पात्रात तान्ही बाळं बुडवली जात. पात्र एवढं मोठं आहे ते त्यासाठीच. बाराव्या शतकात बाप्तिस्मा म्हणजे कपाळावर चार थेंब नव्हेत. उघड्या बाळाला तीनदा पाण्यात घालायचं. विधीची सुरुवात चर्चच्या दाराबाहेर होई. धर्मगुरू बाळाच्या जिभेवर मीठ ठेवी, सैतानाला निघून जायला सांगे, आणि मग बाळाला आत आणलं जाई. आई बहुधा तिथे नसे. बाळंतपणानंतर जवळजवळ चाळीस दिवस तिने चर्चमध्ये पाऊल टाकायचं नाही अशी रीत होती, आणि बाळ तेवढं थांबू शकत नसे. मूल जगेल याची खात्री कुणाला होती? जन्मल्याबरोबर धुगधुगी वाटली तर सुईणीनेच पाणी घालून बाप्तिस्मा द्यावा अशी मुभाही त्यासाठी होती. म्हणून बाळ येई ते धर्ममातापित्यांच्या हातांवर. तिसऱ्यांदा बुडवून झालं की त्याला पाण्यातून वर घेण्याचं काम त्यांचं. बाळाशी त्यांचं नातं जुळे ते या उचलण्यातून, आणि चर्चच्या कायद्यात ते रक्ताच्या नात्याइतकं पक्कं मानलं जाई; त्या नात्यात पुढे लग्न होत नसे. मग पांढरं वस्त्र. महिन्याभरात मूल गेलं तर त्याच पांढऱ्या वस्त्रात त्याला पुरायचं.

हे ध्यानात घेतलं की ते मनगट निराळं दिसू लागतं. ख्रिस्ती श्रद्धेनुसार क्रुसावरचं मरण आणि पुनरुत्थान यांच्या मधल्या काळात ख्रिस्त अधोलोकात उतरला, तिथली दारं त्याने मोडली आणि आदामापासून अडकून पडलेल्या जिवांना बाहेर काढलं. पूर्वेकडच्या चर्चमधल्या चित्रांतही तो आदामाला असाच मनगटाला धरून ओढतो. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात बाप्तिस्म्याची सांगड मरणाशी घातली आहे: पाण्यात जाणं हे ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं, वर येणं हे त्याच्याबरोबर उठणं. अर्डिस्लीच्या कारागिराने हा विचार शब्दांतून काढून हातांत आणला. वर पात्रात जे चालू असेल तेच त्याने खाली दगडावर मांडलं. बाळ कुणाचा हात धरू शकत नाही. त्याला उचलावंच लागतं. गुंत्यातल्या त्या मोठ्या माणसालाही स्वतःहून वर येता येत नाही. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. तारण म्हणजे आपल्या कष्टांचं फळ, असं त्या दगडात कुठेही नाही. कुणीतरी खाली उतरतो आणि ओढून काढतो, एवढंच आहे.

मग ते लढणारे दोघे इथे कशाला? गावात एक कथा सांगतात. अर्डिस्लीच्या गढीत बास्करव्हिल घराणं नांदत असे. त्यांतल्या राल्फ बास्करव्हिलने द्वंद्वात आपल्याच सासऱ्याला मारलं, आणि ते द्वंद्व इथे कोरलं आहे म्हणे. कथा चांगली आहे, पण मला दगडच जास्त सांगतो. योद्ध्यांच्या पायांत ज्या वेली आहेत त्याच त्या ओढल्या जाणाऱ्या माणसाभोवती आहेत, गुंता एकच. त्यात राहून दोघे एकमेकांवर लोखंड चालवताहेत आणि तिसऱ्याला कुणी बाहेर काढतं आहे. बारशाच्या दिवशी मुलाच्या अंगाखाली हे असावं, त्याच्या पुढच्या आयुष्यात काय काय आहे ते त्याच्या आप्तांनी पाहावं, यात मला निर्दयपणा दिसत नाही. ते मुलाशी खरं बोलणं आहे.

सिंहाबद्दल जाणकारांत एकमत नाही. गिळायला टपलेला सैतानही सिंह, आणि यहूदाचा सिंह म्हणजे स्वतः ख्रिस्तही. पण त्या काळच्या प्राणिकथांच्या पोथ्यांत एक समजूत होती: सिंहिणीचे छावे मेलेले जन्मतात, आणि तिसऱ्या दिवशी त्यांचा बाप येऊन त्यांच्यावर श्वास फुंकतो तेव्हा ते जिवंत होतात. जिथे पाठोपाठ मुलं दगावत, त्या गावात बाळांच्या कुंडावर कोरलेला सिंह हाच असला पाहिजे, असं माझं मन म्हणतं.

कारागिराचं नाव राहिलेलं नाही, पण त्याच्या मंडळींचा माग काढता येतो. ऑलिव्हर द मर्लिमाँड हा ह्यू मॉर्टिमर या सरदाराचा कारभारी. तो स्पेनमधल्या सांतियागो दे कोंपोस्तेलाच्या यात्रेला जाऊन आला आणि त्याने शॉब्डन इथे चर्च बांधलं. पश्चिम फ्रान्समधल्या यात्रामार्गावरच्या चर्चची कमानदार नक्षी आणि ब्रिटिश बेटांवरची जुनी सर्पाकार गुंफण, ही दोन्ही शॉब्डनच्या दगडात एकत्र आली. तोच हात किंवा त्याचे सोबती पुढे किल्पेक गावच्या चर्चवर दिसतात, आणि अर्डिस्लीतही. हे धागे नीट जुळवणाऱ्यांत जॉर्ज झारनेत्स्की अग्रणी. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडला आलेल्या या पोलिश माणसाने परक्या भूमीतल्या खेड्यापाड्यांचे बाराव्या शतकातले दगड ओळखण्यात आयुष्य घालवलं.

शॉब्डनचं मात्र वाईट झालं. अठराव्या शतकाच्या मध्यात तिथल्या जमीनदारांनी जुनं चर्च पाडून नव्या फॅशनचं बांधलं, आणि जुन्या कोरीव कमानी उचलून टेकडीवर शोभेसाठी उभ्या केल्या. तेव्हापासून त्या पावसात आहेत. जी. आर. लुइस या चित्रकाराने 1852 साली त्यांची चित्रं छापली. आज कमानींपुढे उभं राहून जे दिसत नाही ते त्या चित्रांत शोधावं लागतं. अर्डिस्लीत याच मंडळींची कला, तसाच दगड. अर्डिस्लीच्या डोक्यावर छप्पर राहिलं इतकाच फरक, आणि त्या छपराखालची वस्तू लोकांना लागत होती.

कुंडांवरही संकटं आलीच. बाप्तिस्म्याचं मंत्रित पाणी लोक जादूटोण्यासाठी चोरून नेत, म्हणून कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी 1236 मध्ये कुंडांना झाकण आणि कुलूप लावण्याचा हुकूम काढला. इंग्लंडमधल्या कित्येक जुन्या कुंडांच्या काठांवर त्या लोखंडी अडकवण्यांचे घाव अजून आहेत. 1645 मध्ये पार्लमेंटने नवी उपासनापद्धती आणली आणि कुंडांची जागा साध्या तसराळ्याने घेतली. ठिकठिकाणची कुंडं बाहेर गेली. कुणी त्यात गुरांना पाणी पाजलं, कुणी बागेत फुलझाडं लावली.

हेरफर्डशायरमध्येच कॅसल फ्रूमच्या चर्चमध्ये याच शैलीचं दुसरं कुंड आहे. त्यावर ख्रिस्ताचा स्वतःचा बाप्तिस्मा आहे: गोल डोहात तो लहानसा उभा, भोवती मासे, वर देवाचा हात आणि कबुतर. पाण्याच्या लाटाही त्यात कोरल्या आहेत. नजाकतीत ते अर्डिस्लीला हार जाणार नाही. पण त्याच्या तळाशी वाकलेली माणसं आहेत, सगळ्या पात्राचं ओझं अंगावर घेऊन दबलेली, आणि त्यांच्यापर्यंत वरचा एकही हात पोचत नाही. अर्डिस्लीत तो पोचला आहे. म्हणून दोहोंतलं एक निवडायचं झालं तर मी अर्डिस्लीचं निवडेन.