गडावरचा शब्द

अंबड तालुक्यात अंतरवाली सराटी आणि वडीगोद्री ही गावे शेजारशेजारची. पहिल्या गावी १ सप्टेंबर २०२३ रोजी मराठा आंदोलकांवर लाठीमार झाला, दुसऱ्या गावी जून २०२४ मध्ये लक्ष्मण हाके ओबीसी आरक्षणाच्या रक्षणार्थ उपोषणास बसले, आणि तेव्हापासून आमच्या मुलखात साध्या रामरामातही लोक आडनाव शोधू लागले. अशा काळात, ३१ जानेवारी २०२५ रोजी, भगवानगडाचे महंत न्यायाचार्य नामदेवशास्त्री यांनी गड तत्कालीन मंत्री धनंजय मुंडे यांच्या पाठीशी भक्कमपणे उभा असल्याचे जाहीर केले, तेव्हा मी अंबडच्या एका हॉटेलात दोन जुन्या स्नेह्यांसमवेत बसलो होतो.

वाच्यार्थ बालबोध होता. परंतु मस्साजोगचे सरपंच देशमुख यांची ९ डिसेंबरला निर्घृण हत्या झालेली, मंत्र्यांच्या राजीनाम्याची मागणी जोरावर आलेली, आणि खुद्द मंत्री आदल्या रात्री गडावर मुक्कामास. त्यात आरोपींना आधी झालेल्या मारहाणीचाही महंतांनी उल्लेख केला. माझ्या वंजारी स्नेह्याला त्यात, सरसकट आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या केलेल्या समाजाला मिळालेला दिलासा ऐकू आला; मराठा स्नेह्याला मृताच्या दारावरून न थांबता पुढे गेलेली पालखी दिसली. दोघेही माळकरी, दोघेही वारीचे सोबती. चहा मात्र कोणी संपविला नाही.

माझ्या मते त्या शब्दाला खरे वजन आले ते एका जुन्या नकारामुळे. दसरा मेळाव्याचे राजकीय भाषण गडावर नको, अशी ठाम भूमिका याच महंतांनी २०१६ साली घेतली होती. राजकारणास उंबरठ्याबाहेर ठेवणारा एकदाच बोलला, की ते बोलणे फर्मानासारखे वाचले जाते. पुढे २ फेब्रुवारीस देशमुख कुटुंब गडावर गेले, आणि गड त्यांच्याही पाठीशी असल्याचे महंतांनी सांगितले. आश्वासन तेच, पण दोन दिवस उशिरा आलेले. एकाने त्यास मनाचा मोठेपणा म्हटले, दुसऱ्याने सारवासारव.

नारायणगडाची तऱ्हा निराळी. (भगवानबाबा मूळचे त्याच गडाच्या परंपरेतले, हे आज दोन्हीकडचे लोक सोयीस्करपणे विसरतात.) १२ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठा आंदोलनाचे नेते मनोज जरांगे यांचा दसरा मेळावा तेथे भरला, तेव्हा तेथील महंत काय म्हणाले हे आमच्याकडे कोणी विचारलेसुद्धा नाही, गडाने जागा दिली, एवढ्यावर सर्वांनी अर्थ लावला.

या साऱ्यानंतर आमच्या गावच्या सप्ताहाच्या बैठकीत दोन्ही गडांशी संबंधित कीर्तनकार वगळून आळंदीच्या एका महाराजांची तारीख घ्यावी असे ठरले, आणि निरोप धाडण्यापूर्वी त्यांची जात कोणती, याची चौकशी दोन्ही बाजूंनी स्वतंत्रपणे करून घेतली.